वुलनगाँगला टँडम स्कायडाइव्ह : विमानात बसल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत नेमकं काय होतं?

नवा_सिडनीकर

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिडनीच्या दक्षिणेला वुलनगाँगला टँडम उडी (इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची) मारायचं घाटतंय. तिघं आहोत. मी (९६ किलो), बायको (५४ किलो, कायमचा चष्मा, नंबर उणे ५) आणि पुण्याहून आलेले बाबा (६४ वर्षं, बीपीची एक गोळी चालू, रोज पर्वती चढणारे).

सध्याचा बेत असा : शुक्रवारी दुपारी मी जर्व्हिस बेला स्कूबा करणार. शनिवारी सकाळी सिडनीहून निघून वाटेत हेलन्सबर्गच्या बालाजीचं दर्शन, तिथेच जेवण, आणि दुपारी २ ची उडी.

कंपनीच्या पानावर 'अविस्मरणीय अनुभव' वगैरे भरपूर आहे, उपयोगाचं कमी. म्हणून विचारतो :

१. क्रम कसा असतो, कशाला किती वेळ लागतो? आपण काय करायचं आणि काय करायचं नाही?
२. खाली समुद्र असतो, तर समुद्रात पडण्याची शक्यता किती?
३. माझं वजन आणि बायकोचा चष्मा आड येतील का?
४. बाबांनी करावी का?

कामशेतला टँडम पॅराग्लायडिंग आम्ही तिघांनीही केलं आहे. त्याचा काही उपयोग?

---

छत्रीवाला

आधी बेताबद्दल. तुमच्या बेतात दोन गोष्टी उलट्या आहेत आणि एक धोक्याची आहे. धोक्याची म्हणजे शुक्रवारचं स्कूबा, त्यावर खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच. उलट्या म्हणजे दर्शन-जेवण आधी आणि उडी नंतर. सकाळची पहिली किंवा दुसरी उडी घ्या आणि बालाजीला परतताना जा. भरल्या पोटी छत्रीखाली (पॅराशूटखाली) गोल गोल फिरणं कुणालाच मानवत नाही.

आता क्रम. नॉर्थ वुलनगाँगच्या स्टुअर्ट पार्कात हजेरी लागते आणि उतरायचंही तिथल्याच गवतावर असतं. गाडी तिथेच राहते, घरचे तिथेच चटई टाकून बसू शकतात. विमान मात्र तिथून उडत नाही. दक्षिणेला अल्बियन पार्कजवळ शेलहार्बरचा छोटा विमानतळ आहे, तिकडे व्हॅनने नेतात, साधारण अर्धा तास. त्याआधी अर्ज, वजन, हार्नेस आणि दहा-पंधरा मिनिटांचं शिकवणं. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं, फ्रीफॉल (छत्री उघडण्याआधीचं मोकळं पडणं) एक मिनिट, छत्रीखाली पाच-सहा मिनिटं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तीन तास मोडतात आणि त्यातली हवेतली मजा सात मिनिटांची. हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही.

वजन कपडे-बुटांसकट काट्यावर बघतात. बऱ्याच ठिकाणी मर्यादा १०० किलोच्या आसपास असते आणि नव्वदीच्या वर गेलं की जादा पैसे. तुमचे ९६ घरच्या काट्यावरचे असतील तर बूट, जीन्स आणि नाश्ता धरून ९८-९९ होतात, तेव्हा फोन करून आकडा स्पष्ट विचारा. नियमामागे कारण आहे : तुम्ही, इन्स्ट्रक्टर आणि २०-२५ किलोचं सामान मिळून एकाच छत्रीला लोंबकळता. वजन वाढलं की छत्री खाली उतरतेही वेगाने आणि पुढेही वेगाने जाते. समोरून वारा असेल तर तो वेग मारला जातो. वारा पडलेला असेल तर जड जोडी गवतावर चांगलीच घसरत जाते. म्हणून बिनवाऱ्याच्या दिवशी काही ठिकाणी जड लोकांना थांबवून ठेवतात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

हार्नेस. दोन पट्टे मांड्यांना, एक छातीला, एक पोटाला. मांड्यांचे पट्टे जांघेत नीट बसलेत ना, एवढं स्वतः बघा. छत्री उघडताना सगळं वजन त्यांच्यावर येतं. पुरुषांनी विमानात चढण्याआधीच सगळं जागच्या जागी करून घ्यावं, वर गेल्यावर हात पोचत नाही. जमिनीवर पट्टे थोडे सैल असतात, ते मुद्दाम. वर आवळतात.

विमानात दाटीवाटीने, बहुधा शेपटीकडे तोंड करून, इन्स्ट्रक्टरच्या पायांमध्ये बसायचं. साधारण दहा हजार फुटांवर तो तुम्हाला मांडीवर ओढून घेतो आणि चार हूक लावतो, दोन खांद्यांना आणि दोन कमरेला. चारही खटके मोजा. मग पट्टे असे आवळतो की पोट सोडून बसता येत नाही. इतकं घट्ट असायलाच हवं. तुमच्यात आणि त्याच्यात फट राहिली तर फ्रीफॉलमध्ये तुम्ही हलता आणि त्याला तोल सांभाळणं जड जातं. शेवटी गॉगल.

दार वर सरकलं की आवाज आणि गारठा एकदम आत येतो. हजार फुटांना सुमारे दोन अंश या हिशेबाने खाली २५ असतील तर १५ हजार फुटांवर उणे ५ च्या आसपास. बोटं गार पडतात, पण एका मिनिटात तुम्ही पुन्हा उबेत असता.

दारात तुमचं काम एकच : केळं व्हायचं. डोकं मागे टाकून इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर, कंबर पुढे, गुडघे वाकवून टाचा विमानाच्या पोटाखाली, दोन्ही हात छातीवरच्या पट्ट्यांना. दाराच्या कडेला हात लावायचा नाही, आणि यावर सगळे जोर देतात त्याला कारण आहे. घाबरलेला माणूस सर्वात आधी काहीतरी धरायला जातो. दार धरलं की जोडी विमानातून तिरकी सुटते, गोते खाते, आणि त्या गोत्यात ड्रोग टाकला तर तो अंगाभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

ड्रोग म्हणजे सुटल्यावर काही सेकंदांत मागे सोडलेली छोटी छत्री. एकटा माणूस पोटावर पडताना ताशी १९०-२०० किलोमीटरला स्थिरावतो. दोघं एकत्र असले की वजन दुप्पट आणि हवा अडवणारं अंग मात्र जवळपास तेवढंच, त्यामुळे वेग तीनशेच्या घरात जाईल. ड्रोग तो पुन्हा दोनशेवर आणतो आणि जोडीला पोटावर स्थिर ठेवतो. ड्रोग लागला की खांद्यावर थाप मिळते. मग हात सोडून कोपरात वाकवून पसरायचे.

पोटात गोळा येतो तो दारात, उडी मारल्यावर नाही. जत्रेतल्या पाळण्यासारखं काळीज तोंडाशी येत नाही, कारण विमान आधीच वेगात असतं. तुम्ही थांबलेल्या अवस्थेतून पडायला लागत नाही, पुढे जाता जाता वळून खाली जाता, आणि पूर्ण वेग यायला दहा-बारा सेकंद लागतात. 'पडतोय' असं वाटतच नाही. प्रचंड वाऱ्याच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. काहींना श्वास घेता येत नाही असं वाटतं. हवा भरपूर असते, माणूसच श्वास धरून ठेवतो. ओरडा. ओरडायला श्वास सोडावा लागतो आणि सोडला की पुढचा आपोआप आत येतो.

पाच-साडेपाच हजार फुटांवर मुख्य छत्री. झटका बसतो म्हणतात, पण नीट घडी घातलेली छत्री तीन-चार सेकंद घेत उघडते. पाय खाली येतात, मांड्यांना पट्टे लागतात आणि एकदम शांतता. इतकी, की मागच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं.

इथे एक गोष्ट आधी माहीत असू द्या. छत्री तपासून झाली की तो कमरेचे हूक सैल करतो, म्हणजे तुम्हाला जरा आरामात बसता यावं. त्या क्षणी तुम्ही इंच-दोन इंच खाली सरकता आणि जीव जातो. काही सुटलेलं नसतं. खांद्याचे दोन्ही हूक तुमचं वजन पेलून असतात.

नजारा : दक्षिणेला इलवारा तळं आणि पोर्ट केंबलाचा पोलाद कारखाना, त्याच्यासमोर समुद्रात पाच बेटं, पायाखाली वुलनगाँग बंदरातले दोन दीपस्तंभ, पश्चिमेला माउंट कीराचा कडा. आपल्या सह्याद्रीसारखाच, फक्त समुद्राच्या अगदी अंगावर आलेला. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सिडनीच्या इमारतीही दिसतात.

उतरताना दुसरं आणि शेवटचं काम : पाय वर. हात गुडघ्यांखाली घालून पाय समोर उचलून धरायचे आणि 'उभे राहा' असं सांगेपर्यंत खाली सोडायचे नाहीत. शेवटच्या क्षणी इन्स्ट्रक्टर दोन्ही दोऱ्या पूर्ण ओढून छत्रीला ब्रेक लावतो आणि दोघं बुडावर घसरत थांबता. प्रवाशांना दुखापत होते ती मुख्यतः इथेच : जमीन जवळ आली की पाय आपोआप खाली जातात, टाच रुतते आणि मागून दोन माणसांचं वजन येतं. घोटा जातो.

कामशेतचा उपयोग छत्रीखालच्या पाच मिनिटांपुरता. आणि एक सवय मोडावी लागेल. पॅराग्लायडिंगला उतरताना पाय खाली घेऊन पळायला शिकवतात, इथे पळायला गेलात तर वर लिहिलं ते होईल.

---

ईशान्य_वारा

वरचा प्रतिसाद उत्तम. मी फक्त हवेबद्दल लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या उडीत तारीख तुम्ही ठरवता आणि वेळ वारा ठरवतो.

दुपारी २ घेऊ नका. नोव्हेंबरात इलवाराच्या, म्हणजे वुलनगाँगच्या भागातल्या किनाऱ्यावर सकाळी वारा मंद असतो. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून ईशान्येचा वारा सुरू होतो आणि तीन-चारपर्यंत वाढत जातो. चांगल्या उन्हाच्या दिवशी तो १५-२० नॉटवर सहज जातो. टँडमच्या छत्रीचा स्वतःचा पुढे जायचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर आणि २० नॉट म्हणजे ३७. तोंड वाऱ्याकडे केलं की छत्री जमिनीच्या हिशेबात जागच्या जागी उभी, आणि जोराची झुळूक आली की चक्क मागे. समुद्र आणि झाडांच्या मधल्या पट्टीवर उतरायचं असताना हे कुणालाच परवडत नाही. म्हणून दुपारच्या उड्या थांबतात, तुम्ही तिथे बसून राहता आणि शेवटी दुसरी तारीख घ्या म्हणतात.

नोव्हेंबरातली दुसरी भानगड म्हणजे सदर्ली बस्टर. दुपारी पस्तीस अंशाला घाम गाळत असताना दक्षिणेकडून वाऱ्याची भिंत येते आणि काही मिनिटांत पारा दहा-पंधरा अंश खाली. हवामान खातं आदल्या दिवशीच इशारा देतं. तो दिसला तर सकाळची वेळही घाईची समजा.

तिसरी गोष्ट सिडनीकरांना हमखास फसवते. सिडनीत लख्ख ऊन आणि वुलनगाँगवर ढग. समुद्रावरचा दमट वारा त्या कड्यावर चढतो, थंड होतो आणि तिथेच ढग धरतो, कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या ढगांसारखाच. खालची उतरायची जागा दिसत नसेल तर सोडत नाहीत. तेव्हा सिडनीचा अंदाज बघून निघू नका. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बेलांबी आणि अल्बियन पार्क या दोन केंद्रांच्या ताज्या नोंदी बघा. पहिलं केंद्र उतरायच्या जागेच्या उत्तरेला किनाऱ्यावर आहे, दुसरं विमानतळावर. सरासरी वाऱ्यापेक्षा झुळकीचा रकाना महत्त्वाचा. सरासरी १२ आणि झुळूक १४ असेल तर छान, सरासरी १२ आणि झुळूक २४ असेल तर फोन करूनच निघा.

(जुलै ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांसाठी : तेव्हा पश्चिमेचा वारा कड्यावरून खाली कोसळतो, हवा ढवळलेली असते आणि निरभ्र आकाश असूनही उड्या रद्द होतात. 'ऊन तर पडलंय!' हा वाद काउंटरवर घालू नका.)

आता समुद्रात पडण्याबद्दल. वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूला विमानातून सोडतात, म्हणजे वाहत वाहत उतरायच्या जागेवर येता येतं. ईशान्येचा वारा असेल तर दाराखाली समुद्रच असणार. ते पाहून 'चुकीच्या जागी सोडतायत' असं वाटून घेऊ नका. पाच हजार फुटांवर छत्री उघडली की वारा नसतानाही तीनेक किलोमीटर सरकता येतं, शिवाय वारा तुम्हाला किनाऱ्याकडेच आणत असतो. तरीही पाणी जवळ असल्याने कमरेला फुगवायचं लाइफ जॅकेट बांधतात, पातळ पट्ट्यासारखं पाकीट असतं. त्याची दोरी आपणहून ओढायची नाही. विमानात ओढलीत तर तुमच्यासकट सगळ्यांची उडी बोंबलली. पाण्यात उतरायची वेळ आलीच तर मोठा श्वास घेऊन धरायचा आणि इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हाच फुगवायचं. छत्री आणि दोऱ्यांतून तुम्हाला सोडवणं त्याचं काम. त्या वेळी त्याला मिठी मारू नका.

तारखेचं म्हणाल तर शनिवारी सकाळची उडी घ्या आणि रविवारची सकाळ मोकळी ठेवा. हवेमुळे रद्द झालं तर बहुतेक ठिकाणी तारीख बदलून देतात, पैसे परत देत नाहीत. अटी वाचून पैसे भरा. जाहिरातीतला ठळक आकडा आठवड्यातल्या मधल्या वारांचा असतो. शनिवार-रविवारचे जादा, ऑस्ट्रेलियन पॅराशूट फेडरेशनची तात्पुरती सदस्यता, वजनाचे जादा, कार्डाचे जादा आणि व्हिडिओ धरून तिघांची बेरीज आधीच मांडा.

---

स्टेथोस्कोप

स्कूबाचं आधी. शुक्रवारी दुपारी बुडी आणि शनिवारी सकाळी उडी, हे नाही म्हणजे नाही. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला हवा. डायव्हिंगनंतर प्रवासी विमानात बसायच्या आधी एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायला सांगतात. पण प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो, साधारण आठ हजार फुटांसारखा. स्कायडाइव्हच्या विमानात दाब राखत नाहीत. पंधरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला तेवढं पुरतं. सांधेदुखीपासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही. पूर्ण २४ तास ठेवा, अनेक बुड्या असतील तर त्याहून जास्त. सोपा उपाय : शनिवारी उडी, रविवारी स्कूबा. उलट क्रमाला काही हरकत नाही. नुसतं नळी लावून वरवर पोहलात तर हा प्रश्न येत नाही.

चष्म्याचा प्रश्न नाही. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो, तो आधी मागून घ्या. काड्या पातळ असतील आणि गॉगलचा पट्टा घट्ट असेल तर चष्मा जागचा हलत नाही. काँटॅक्ट लेन्सही चालतात, पण कडेने वारा शिरून डोळे कोरडे पडतात. मात्र उणे ५ म्हणजे दृष्टिपटल थोडा नाजूक असू शकतो. पूर्वी फाटलेला असेल, लेझरने टाके घातले असतील किंवा अलीकडे काळे ठिपके नि चमक दिसत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

बाबा. ६४ हे वय अडचणीचं नाही. मी तीन गोष्टी बघेन.

पहिली, पाय उचलता येतात का. घरातल्या खुर्चीत टेकून बसवा, दोन्ही पाय सरळ समोर जमिनीला समांतर उचलायला सांगा आणि दहा सेकंद धरायला लावा. हाताने गुडघ्याखालून आधार दिला तरी चालेल. पर्वती चढणाऱ्याला दम असतो, पण मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात आणि नेमकं हेच जमत नाही. नसेल जमत तर तीन आठवडे रोज सराव. नोव्हेंबरला अजून वेळ आहे. तरीही नाही जमलं, तर उडी नको.

दुसरी, बीपी. औषधाने ताब्यात असेल तर चालतं. दारात बसल्यावर नाडी आणि रक्तदाब दोन्ही वर जातात, त्यामुळे 'आज गोळी नको' असं करायचं नाही, नेहमीच्या वेळी घ्यायची. गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर हार्नेस घालण्याआधी जाऊन यायचं, नंतर तासभर सोय नाही. स्टेंट, अनियमित ठोके, रक्त पातळ करायची गोळी, फिट्स, गेल्या काही महिन्यांतली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर अर्जात लपवू नका. कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधी मागवून डॉक्टरांची सही घ्या. काउंटरवर बीपीच्या रकान्यात खूण केली आणि चिठ्ठी नसली की परत पाठवतात.

तिसरी, हाडं. मणक्याचं जुनं दुखणं किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर बुडावर बसणारा एक धक्कासुद्धा मणका दाबू शकतो. इथे मी स्पष्ट नाही म्हणेन.

आणि विमा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) लागू नाही, तसा करार भारताशी नाही. बाबांच्या प्रवास विम्यात पॅराशूटिंग वगळलेलं आहे का ते वाचा. साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात आणि वेगळा हप्ता भरून घ्यावे लागतात. घोट्याचं साधं ऑपरेशनही खिशातून करायला नको.

बाकी तिघांसाठी : सर्दी किंवा सायनस भरलेला असेल तर पुढे ढकला. मिनिटभरात दहा हजार फूट खाली येताना कानाच्या पडद्यावर दाब पडतो आणि नळी बंद असेल तर प्रचंड दुखतं. एरवी छत्री उघडल्यावर नाक दाबून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात. आदल्या रात्री दारू नको. सकाळी उपाशीही जाऊ नका, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. वाटीभर उपमा किंवा टोस्ट, दीड-दोन तास आधी. आणि उलटीच्या भीतीने घरातली अव्होमिन घेऊन झोपाळू अवस्थेत जाऊ नका. त्यापेक्षा इन्स्ट्रक्टरला सांगा, 'गिरक्या नकोत'. तो सरळ, हळू वळणं घेत आणतो. मळमळ फ्रीफॉलमुळे नाही, त्या गिरक्यांमुळे होते.

---

नवा_सिडनीकर

सर्वांचे मनापासून आभार! स्कूबा रविवारी ढकललं, उडी शनिवारी सकाळी ८ ची. बाबांची खुर्चीतली परीक्षा झाली, सहा सेकंदांवर पाय खाली आले. सराव सुरू.

दोन शंका उरल्या. बाबा विचारतायत, छत्री उघडलीच नाही तर? आणि बायको विचारतेय, कपडे काय, दागिने काय, नि मोबाईल सोबत नेता येतो का?

---

छत्रीवाला

बाबांना सांगा, पाठीवर एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. 'उघडलीच नाही' असं क्वचित होतं. 'नीट उघडली नाही' हा खरा प्रकार : दोऱ्यांना पीळ पडतो, गाठ बसते, एखादी दोरी कापडावरून जाते. नुसता पीळ असेल तर तो सुटतो, तेव्हा तुम्ही भोवऱ्यासारखे दोन-तीन गिरक्या घेता एवढंच. छत्री वळवता येत नसेल किंवा नीट ब्रेक लागत नसेल तर इन्स्ट्रक्टर एक मूठ (हँडल) ओढून मुख्य छत्री तोडून टाकतो आणि दुसरी ओढून राखीव काढतो. पाच हजार फुटांवर उघडायचं कारण हेच, निर्णयाला वेळ हवा. त्या वेळात प्रवाशाने हात छातीवर धरून गप्प राहायचं. क्षणभर पुन्हा पडल्यासारखं होतं, मग दुसरी छत्री.

आणि इन्स्ट्रक्टरच बेशुद्ध पडला तर? त्यासाठी एक छोटं यंत्र असतं, ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. सायप्रेस हे त्यातलं नावाजलेलं. त्याचं टँडम मॉडेल साधारण १९०० फुटांवर अजूनही फ्रीफॉलच्या वेगाने पडताय असं दिसलं तर राखीव छत्रीचा दोरा आपोआप कापतं आणि छत्री बाहेर येते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० मृत्यू आहेत, आणि त्यात एकट्याने उड्या मारणारे, स्पर्धावाले सगळे आले. धोका शून्य नाही. अर्जावर तेच लिहिलेलं असतं आणि त्यावर सही करायची असते, तो वाचा.

कपडे : ट्रॅक पँट किंवा लेगिंग, अंगाबरोबर टी-शर्ट, वर पातळ जॅकेट. ओढणी नको. टोपीवाला हूडी नको, टोपी इन्स्ट्रक्टरच्या तोंडावर फडफडत राहते. बूट लेसचे आणि घट्ट. हूकवाले ट्रेकिंगचे बूट चालत नाहीत, हुकात दोरी अडकू शकते. सँडल घातलीत तर ती पायासोबत खाली पोचत नाही! केसांची घट्ट वेणी घालून ती कॉलरच्या आत. नुसता पोनीटेल सोडलात तर संध्याकाळपर्यंत गुंता सोडवत बसाल.

दागिने सगळे घरी. मंगळसूत्र छातीच्या पट्ट्याखाली दबतं नि तुटतं, किंवा वाऱ्याने वर येऊन गॉगलवर आपटतं. अंगठीचं कारण वेगळं : गार हवेत बोटं आकसतात आणि सैल अंगठी निघून जाते. खाली तासमन समुद्र आहे, शोधायला जाणार कुठे. जोडवी बुटात राहू द्या, त्यांना काही होत नाही. कानातल्या कुड्या गॉगलच्या पट्ट्याला अडकतात, काढा.

मोबाईल, स्वतःचा कॅमेरा, सेल्फी स्टिक काहीच नेऊ देत नाहीत. फोटो इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरच्या कॅमेऱ्याने निघतात. दुसरा कॅमेरावाला सोबत उडी मारतो तो पर्याय महाग. माझं मत : मनगटाचा पुरेसा, पण घ्यायचा की नाही हे आधीच ठरवा. खाली उतरल्यावर हात थरथरत असताना कुणीही कशालाही हो म्हणतं.

---

टेकडीवरून

बाबांच्या पायांचं दहा सेकंदांवर गेलंच नाही तर दिवस वाया घालवू नका. हेलन्सबर्गहून पंधरा मिनिटांवर स्टॅनवेल पार्कची बाल्ड हिल आहे, तिथे टँडम हँगग्लायडिंग आणि पॅराग्लायडिंग चालतं. याच किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १८९४ ला लॉरेन्स हारग्रेव्हने चार पेटी-पतंगांना स्वतःला बांधून घेऊन १६ फूट वर जाऊन दाखवलं होतं. टेकडीवर त्याचं स्मारक आहे. फ्रीफॉल नाही, पाय उचलून धरणं नाही, पण सुटताना चार-पाच पावलं जोरात पळावं लागतं. ज्याने कामशेत केलंय आणि जो पर्वती चढतो त्याला ते जमेल.

एकच लक्षात ठेवा. ती टेकडी आग्नेयेकडे तोंड करून आहे, तिला दक्षिण ते पूर्व यांच्यामधला वारा लागतो. दुपारचा ईशान्येचा सुटला की तिथेही सगळे पंख गुंडाळून चहा पीत बसलेले दिसतील. शनिवारी उडी ८ ची असेल तर ती आटोपली की लगेच तिथे पोचा, आणि निघण्याआधी बेलांबीच्या नोंदीत वाऱ्याची दिशा बघा.